मैदानावरचा मीटर : चौथा रविवार

दर रविवारी मैदानावर पोरांशी मीटर-सेंटीमीटरचा खेळ खेळतो. अंतर मोजायला, मागे म्हटलं होतं तशी, गाठींची दोरी केली. पहिली नायलॉनची, ती वाया गेली. पोरांनी दोन्ही बाजूंनी ओढली आणि टेप लावून बघितलं तर दहावी गाठ चांगली वीतभर पुढे! आता साधी सुतळी घेतलीय. 20 मीटर, दर मीटरला गाठ, दर पाचाला लाल चिंधी.

आज अकरा पोरं होती, तिसरी ते सहावीतली. खेळ तोच. टेनिसचा चेंडू बादलीत बुचकळायचा, रेघेमागून फेकायचा, पण आधी आकडा सांगायचा : पहिला टप्पा किती मीटरवर पडणार? कोरड्या मातीवर ओला ठसा स्पष्ट उमटतो, पण उन्हात लगेच वाळतो, म्हणून धावायचं. ठशाच्या रेघेकडच्या कडेपर्यंत मोजायचं. ज्याचा फरक कमी, तो जिंकला. लांब फेकणाऱ्याला काही फायदा नाही, त्यामुळे तिसरीतलीही टिकतात.

भांडण झालं ते चौथ्या फेरीत. एकाने 12 सांगितले, चेंडू पडला 12 मीटर 8 सेंटीमीटरवर. त्याने पाटीवर लिहिलं 12.8. पुढच्या मुलीने 9 सांगितले, पडला 9.45 वर. फरक 0.8 आणि 0.45, म्हणजे ती जिंकली. पोरगा हटेना. "काका, माझा चार बोटं चुकला, तिचा हातभर. मग ती कशी जिंकली?"

मी काही बोललो नाही. त्याला म्हटलं, चार बोटं टेपवर ठेव. आठला जरा कमी. मग 0.8 टेपवर दाखव. 80 वर बोट गेलं आणि स्वतःच पाटी पुसायला धावला : 12.08.

वर्गात हे रुपये-पैशांवरून समजवायची पद्धत आहे. 1957 साली दशमान नाणी आली तेव्हा ती चपखल होती, पण या पोरांनी पैशाचं नाणं बघितलंय कुठे! आता पाटीवर सेंटीमीटरला दोन चौकटी आखल्यात. दोन्ही भरल्याशिवाय गुण नाहीत.

शेवटी क्रिकेटची खेळपट्टी मोजली. स्टंपपासून स्टंपपर्यंत 20.12 मीटर, आमची सुतळी बारा सेंटीमीटरने तोकडी. "सरळ वीसच का नाही?" मूळ माप 22 यार्डांचं, म्हणजे 66 फूट, जमीन मोजायची एक साखळी. पोरांना फारसं पटलं नाही. बाकावरच्या आजोबांनी मात्र लगेच हिशेब लावला : गुंठा 33 बाय 33 फुटांचा, म्हणजे पिच गुंठ्याच्या दोन बाजूंइतकं लांब. मला हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

पुढच्या रविवारी लगोरी. नेम धरायची रेघ किती मीटरवर आखायची, ते पोरंच ठरवणार. सुतळीच्या दोन चिंध्या सुटल्यात, त्या तेवढ्या शिवून घ्यायच्यात.