शिराळा डायपोल : पायरीचा चोर सापडला

भूकंपाआधी जमिनीतला विद्युतदाब बदलतो का हे बघायला मी शिराळ्यात बांधावर इलेक्ट्रोडांच्या जोड्या (डायपोल) पुरल्यात. त्यांच्या रेषेत दिसलेल्या एका पायरीबद्दल गेल्या खेपेला लिहिलं होतं. रात्री दहाला खटकन साडेचार मिलिव्होल्टनं वर, सकाळी सहाला तशीच खटकन खाली. आणि तिसऱ्या रात्री वारणेकडं भूकंपाचा बारीक धक्का. ‘घाई नको’ असं मीच लिहिलं होतं खरं, पण ही धक्क्याची चाहूल असेल या आशेनं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. आता सगळं मागे घेतोय.

आधी जे जमलंय ते. सुगडांचे इलेक्ट्रोड पास झाले. संक्रांतीची उरलेली सुगडं, आत तांब्याची तार, मोरचुदाचं (कॉपर सल्फेट) संपृक्त पाणी आणि ते हिंदकळू नये म्हणून किराण्यातलं चायना ग्रास. मोरचूद तासगावहून आणला. द्राक्षवाल्यांच्या बोर्डो फवारणीमुळं तिथं तो पोत्यानं मिळतो, लॅबवाल्यांचा महागडा डबा घ्यायची काही गरज नाही. पूर्वी दीड फुटावर पुरले होते तेव्हा ऊन चढलं की रेष चढायची (अंशाला जवळजवळ 0.9 मिलिव्होल्ट, दोन्ही टोकं सारखी तापत नाहीत). आता तीन फुटांवर आहेत आणि दुपारचा फुगवटा गेला.

आता पायरी. ती दिसली तेव्हा फक्त 40 मीटरची जोडी चालू होती, 120 मीटरची केबल घुशीनं कुरतडलेली. ती जोडल्यावर ग्रीसच्या ‘व्हॅन’ गटाची (जमिनीतल्या विजेवरून भूकंपाचं भाकीत करू पाहणारे शास्त्रज्ञ) जुनी कसोटी लावली. उगम लांब असेल तर व्होल्टेज भागिले लांबी दोन्हींत सारखं यायला हवं, म्हणजे लांब जोडीवर साडेतेराच्या आसपास. आले 5.2. म्हणजे उगम वारणेत नाही, बांधावरच कुठंतरी.

तुमच्यातल्या दोघांनी ‘मोटर बघ’ म्हणून सांगितलं होतं आणि मी ऐटीत उत्तर दिलं होतं की व्होल्टेज मोजणारी चिप, एडीएस 1115, सेकंदाला 8 नमुन्यांवर ठेवली की लाइटचा 50 हर्ट्झ आपोआप गळतो, मोटरनं डीसी पायरी येईलच कशी? यातच पंधरा दिवस गेले. कनेक्टर बदलले, पॉवर बँकेवर चालवून पाहिलं, मॉड्यूलही बदललं. (ऑनलाइन मागवलेल्या तीनपैकी एकावर 1115 छापलंय आणि आत कमी बारकाईचा, 12 बिटांचा 1015 निघाला. बारीक आकडे मोठ्या पायऱ्यांनी उड्या मारायला लागले तर आधी तेच तपासा.) पायरी जागची हलली नाही.

मग थ्री फेजचं वेळापत्रक बदललं. रात्रीची लाइट दिवसावर आली आणि माझी पायरीसुद्धा रात्रीची दिवसावर आली. तेवढंच बघायचं राहिलं होतं.

शेजारच्या तात्यांची बोअर लहान जोडीच्या एका टोकापासून वीस पावलांवर. ऑटो लावलेला, लाइट आली की मोटर सुरू. रब्बीचं पाणी सुरू झालं तेव्हाच माझी पायरीही सुरू झाली होती, हे आत्ता कळतंय. विचारलं तर म्हणतात, “आरं, पायपाला हात लावला की मुंग्या येत्यात. दोन म्हैनं झालं की.” दोन महिने! मोटर चालू असताना माझ्या जोडीवर मल्टिमीटर एसीवर लावला तर 420 मिलिव्होल्ट. बोअरमधल्या केबलचा सांधा गळत होता.

आणि डीसीचं कोडं तिथंच सुटलं. 420 म्हणजे शिखर जवळजवळ 590, आणि चिपची मी ठेवलेली रेंज 256 मिलिव्होल्टची. वरची लाट रेंजला कापली जाते, खालची चिपच्या आतल्या संरक्षक डायोडला. दोन्ही एकाच उंचीवर कापल्या जात नाहीत, आणि सरासरीत जो फरक उरतो तो डीसी म्हणून छापला जातो. चिप गाळते ते आत सरळ शिरलेलं 50 हर्ट्झ, दारातच मोडलेलं नाही.

इलाज साधा, आधीच करायला हवा होता. प्रत्येक तारेवर 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि 10 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असा फिल्टर, 1.6 हर्ट्झच्या वरचं गळायला लागतं. 50 हर्ट्झ तीस पटीनं उतरतो. कॅपॅसिटर फिल्मचाच घ्या, इलेक्ट्रोलायटिकची गळती सुगडाच्या सिग्नलवर बसते. भाच्यानं बुधवार पेठेतून आणले, एकेक बिस्किटाएवढा.

कॅलिफोर्नियातल्या लोमा प्रिएताचं राहून राहून आठवतंय. 1989 च्या त्या भूकंपाआधी कोरालिटोसच्या चुंबकीय यंत्रावर 0.01 हर्ट्झपाशी वाढ दिसली, वीस वर्षं सगळ्यांनी तिचा दाखला दिला आणि 2009 मध्ये तोच डेटा पुन्हा तपासणाऱ्यांनी यंत्राच्या बिघाडाकडं बोट दाखवलं. आपल्याकडं कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा ट्रामला वीज येणार म्हणून अलिबागला न्यावी लागली. माझी तर साडेसात हॉर्सपॉवरचीच ट्राम.

तरी इथला नाद सोडणार नाही. क्वार्ट्झ दाबून वीज निघते हा मुद्दा आपल्या काळ्या खडकाला लागू नाही, त्यात क्वार्ट्झ जवळपास नसतोच. पण कोयनेकडच्या गोठण्याच्या 3 किलोमीटर खोल बोअरनं दाखवलंय की सव्वा किलोमीटरखाली ग्रॅनाइटी पाया आहे (ग्रॅनाइटात क्वार्ट्झ असतो), आणि धरणाचं पाणी भेगांतून मुरताना स्वतःच विद्युतदाब तयार करतं. मला या दुसऱ्या वाटेत जास्त जीव वाटतो.

पण बोअरच्या शेजारी लाइन वाढवून उपयोग नाही, म्हणून 300 मीटरची टाकणार होतो ती रद्द. दुसरी जागा, बोअर नसलेली, देवळामागचा माळ. आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: एका चॅनलला जमिनीऐवजी नुसता 2 किलोओहमचा रेझिस्टर जोडायचा, बाकी डबा, पॉवर, फिल्टर तेच. त्यावर पायरी आली तर ती डब्याची. हे माळाच्याही आधी करतो.

तात्यांनी सांधा बदलला. म्हणाले, “कोयनेचा झाला तवा पहाटं कोंबडं बी आरडलं न्हाई, आन् तू सुगडं पुरतोयस.” परवा 11 डिसेंबर, त्या पहाटेला 1967 पासून इतकी वर्षं झाली तरी चार वाजून एकवीस मिनिटं हे त्यांना तोंडपाठ. मग विचारलं, दुसऱ्या बोअरची केबलपण बघशील का? उद्या मल्टिमीटर घेऊन जातोय. येताना कुंभाराकडं वीस सुगडं जास्तीची सांगायची आहेत.