त्याच कागदावर दोन तारखा

आई गेल्यावर माझी झोपच उडाली. डॉक्टरांनी गोळ्यांसोबत समुपदेशन सुचवलं. मला वाटलं, सल्ले मिळतील. मॅडमनी सल्ला दिलाच नाही, त्या ऐकत राहिल्या. लग्न, नोकरी, आईचं आजारपण, काहीही सांगायला घेतलं तरी मी एकाच ठिकाणी येऊन थांबायची: मी घरात नकोशी होते. आठव्या वर्षी मला कोकणात आत्याकडे धाडलं, भावाला मात्र लालबागच्या खोलीत जवळ ठेवलं.

मग मॅडमनी मोठा कागद काढून त्यावर आडवी रेघ मारली. रेघेच्या वर माझ्या आयुष्यातल्या घटना लिहायच्या, खाली तेव्हा घरात आणि बाहेर काय चाललं होतं ते. वर लिहिलं: उन्हाळा १९८२, मला गावी पाठवलं. खाली आलं: १८ जानेवारी १९८२, गिरणी संप. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, त्यात माझे बाबा. पगार बंद. ही तारीख मला तोंडपाठ होती. माझ्या जाण्याशेजारी ठेवून मात्र ती कधी पाहिली नव्हती.

‘आईवडिलांचा नाइलाज होता’ असं म्हणून मॅडमनी मला गप्प केलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्या मुलीला कुणी काहीच समजावून सांगितलं नाही, हेही खरं, आणि ते कागदावर तसंच राहिलं. त्यांनी एवढंच विचारलं, “ताई, ‘नकोशी’त न बसणारं काही आठवतं का?” बऱ्याच वेळाने आठवलं. आईला लिहिता येत नव्हतं, तरी शेजारच्या काकूंकडून लिहून घेतलेली तिची पोस्टकार्डं यायची. आत्या काजूच्या बिया विकून जूनमध्ये माझ्या वह्या आणायची.

या पद्धतीला नॅरेटिव्ह थेरपी म्हणतात. ऑस्ट्रेलियाचे मायकल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी ती १९८०च्या दशकात घडवली. तिच्यात माणूस वेगळा आणि त्याची अडचण वेगळी धरतात. त्यामुळे ‘मी अशी का’ हे मागे पडलं. नकोसेपणाची भावना कधी उसळते, कोण सोबत असलं की ओसरते, यावर आम्ही बोलू लागलो. झोप हळूहळू परतली, रडणं मात्र अजून येतं.

नंतर तो कागद भावाला दाखवला. संपाच्या वर्षी तो पहाटे पेपर टाकायचा, हे मला पन्नाशीत कळलं. आम्ही दोघांनी मिळून ते रेघेखाली लिहिलं. आता आत्याकडे जायचंय. तिने ऐंशी ओलांडलीत, आणि तिला विचारायचं खूप राहिलंय.