ड्रेस्डेन प्लेट: द्रोण अखेर सपाट झाला

मंडळी, ताटली बसली! ड्रेस्डेन प्लेट म्हणजे पाचरीसारख्या कापडी पाकळ्या गोल जोडून केलेला क्विल्टचा नमुना. वीसही पाकळ्या जोडून कोऱ्या मांजरपाटावर ठेवली. कुठे कड उचललेली नाही, मध्ये फुगा नाही, हाताने दाबून धरायची गरज नाही. मागच्या वेळी फोटो टाकला होता तो द्रोण आठवत असेल. ताटली करायला घेतली होती आणि आमटी वाढता येईल असं काहीतरी हातात आलं होतं. इस्त्रीने बसेल, वाफ दे, क्विल्टिंगमध्ये जिरेल, असं बऱ्याच जणींनी लिहिलं. नाही जिरत. वाफेने तिरप्या कडा ताणल्या गेल्या आणि द्रोणाला वर झालरही आली.

सगळ्यात जास्त आलेला सल्ला म्हणजे ‘माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) पाव इंचाहून धागाभर कमी घे’. नाइन पॅच किंवा स्टार अशा सरळ तुकड्यांच्या नमुन्यांना हा सल्ला सोळा आणे खरा. ड्रेस्डेनचा द्रोण मात्र त्याने सुटत नाही, आणि हे मला कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावरच कळलं.

पाकळीच्या दोन तिरप्या कडांमधला कोन १८ अंश. वीस पाकळ्यांचे ३६०. आता टीप कडेला समांतर असेल, तर ती ५ मिलिमीटरवर पडो की ८ वर, दोन टिपांमधला कोन १८ अंशच राहतो. माया जास्त गेली तर सगळ्या पाकळ्या मध्याकडे सरकतात, मधलं भोक आवळतं आणि ताटली लहान होते. किती लहान? एक मिलिमीटर माया जास्त घेतली तर व्यास साधारण १३ मिलिमीटरने घटतो. ब्लॉकच्या, म्हणजे क्विल्टच्या एका चौकोनाच्या, मापात हे महाग पडतं, कबूल. पण ताटली सपाटच राहते.

द्रोण होतो तो टीप समांतर नसते म्हणून. जुन्या ताटलीची शिवण उलट्या बाजूने पट्टीवर मोजली, तर बाहेरच्या टोकाला माया ७ मिलिमीटर आणि मध्याकडे ६. डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पण पाकळी ४ इंच लांब, म्हणजे १०० मिलिमीटरमध्ये १ मिलिमीटरची तिरीप. तेवढ्याने एका कडेला अर्ध्या अंशाहून थोडा जास्त फरक पडतो, पाकळीच्या दोन कडा मिळून १.१५ अंशाच्या आसपास, आणि वीस पाकळ्यांत जवळजवळ २३ अंश गायब. ३६० च्या जागी ३३७. त्याचा द्रोण नाही होणार तर काय! उलटी तिरीप पडली, बाहेर माया कमी आणि आत जास्त, तर अंश वाढतात आणि कडेला झालर येते.

आधी संशय टेम्पलेटवर, म्हणजे पाकळी बेतायच्या साच्यावर होता. ऑनलाइन मागवलेलं ॲक्रिलिक, ना कंपनीचा पत्ता ना धड मापं. कागदावर एकाला एक लावून पाच वेळा गिरवलं, तर चोख काटकोन आला. टेम्पलेट निर्दोष.

मग तिरीप येते कुठून? शिवताना मशीनच्या फूटकडे (कापड दाबून धरणाऱ्या पायाकडे) तोंड नेऊन पाहिलं. टोकदार पाकळी दुमडून, शिवून, उलटवली की खांद्याशी, म्हणजे टोकाखालच्या कोपऱ्यांशी, कापडाचे थर चढतात. दोन पाकळ्यांचे खांदे एकत्र आले की फूट पुढून उचललं जातं, खालचे कापड सरकवणारे दाते ते नीट पकडत नाहीत आणि पहिल्या काही टाक्यांतच कापड बाजूला सरकतं. दुसरं टोकही तसंच. शिवण संपत आली की मागे धरायला कापड उरत नाही, शेपूट वळतं आणि माया निमूट कमी होते. एका टोकाला जास्त, दुसऱ्या टोकाला कमी, आणि दोन्ही चुका एकाच दिशेच्या. पाव इंची फूट लावल्यावर हे थांबेल असं वाटलं होतं. त्याची पत्ती कापडाला फक्त सुईपाशी धरते, सुईपर्यंत पोचेस्तोवर कापड कुठे भटकतंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. त्या किमतीत मीटरभर चांगलं अजरख (ठशांनी छापलेलं कापड) आलं असतं.

आता असं करते. मशीनच्या पाटावर मास्किंग टेपचे थर एकावर एक चिकटवून फूटच्या बरंच पुढपर्यंत जाणारं कुंपण केलंय. खांद्याकडून सुरुवात, फूटच्या मागे चिंधीची घडी सारून फूट समपातळीत आणते, कडेपासून थोडं आत दोन उलटे टाके घेऊन मग सरळ खाली. शिवण संपायच्या आधी पुढे एक चिंधी जोडून टीप तिच्यावरच नेते, म्हणजे शेपटाला वळायला वाव नाही. टाचण्या फक्त खांद्याला आणि तळाला. टाक्याची लांबी २ वर.

आणि हे सगळ्यांनी करून बघाच: पाच पाकळ्या झाल्या की थांबायचं. पाचांचा काटकोन होतो. कटिंग मॅटच्या चौकटीवर ठेवायचा, दोन्ही मोकळ्या कडा रेघांवर बसल्या तर पुढे, नाहीतर तिथेच उसवायचं. असे दोन पाव (पाव ताटल्या) जोडले की अर्धी ताटली, तिच्या दोन्ही कडा एका पट्टीला लागल्या पाहिजेत. वीस पाकळ्या जोडून मग रडण्यापेक्षा पाचांत रडलेलं परवडतं. पहिला पाव मॅटवर चपखल बसला तेव्हा मी घरातल्या प्रत्येकाला बोलावून दाखवला. कोणालाही त्यात विशेष काही वाटलं नाही.

खळीचंही श्रेय आहे. पाकळी उभ्या धाग्यावर मध्य ठेवून बेतली तरी दोन्ही कडा धाग्याला ९ अंशांनी तिरप्या असतात, आणि हातमागाचं सुती कापड तेवढ्यावरही ताणतं. त्यामुळे बेतायच्या आधीच साबुदाण्याची पातळ खळ, सावलीत वाळवून इस्त्री. स्प्रे स्टार्चपेक्षा कितीतरी कडक येतं आणि रोटरी कटर कागदावर चालल्यासारखा चालतो. फक्त ब्लॉक झाल्यावर धुवा, नाहीतर कसर लागलीच म्हणून समजा. शिवणी सगळ्या एकाच दिशेला दाबल्यात, इस्त्री उचलून ठेवत. घासली की पुन्हा झालर.

रंग मात्र ठरले होते त्यातून थोडे हलले. भाचीने अमेरिकेतल्या व्हरमाँटहून शुगर मेपलच्या पानांचे फोटो पाठवले होते, त्यावरून हळदी, शेंदरी, विटकरी, डाळिंबी, काथ्या असे पाच काढले. पाच रंग चार वेळा, म्हणजे प्रत्येक पावात सगळे एकेकदा. १९२०-३० च्या मूळ ड्रेस्डेन फिक्या, गोड छापांच्या आणि बहुधा पिवळ्या मध्याच्या, पण आपल्याकडच्या छापाच्या कापडांत पानगळ आयती मिळत असताना ते कशाला? डाळिंबाच्या सालीचा पिवळा, मंजिष्ठेचा लाल, सगळं अजरख-कलमकारीत आहेच. तरी फोनवर फोटो काळा-पांढरा करून पाहिला तर शेंदरी आणि विटकरी एकच दिसले. विटकरी काढला, मेंदीच्या हिरव्याचा दाबू (चिखलाने रंग अडवून छापलेलं कापड) घातला आणि शेजारचे चारही रंग उठले.

अजरखचा लाल मांजरपाटावर उतरेल ही धास्ती आहेच. प्रदर्शनातल्या स्टॉलवर ‘रंग पक्का’ म्हणून दिलेलं कापड ओल्या पांढऱ्या रुमालावर दाबलं तर रुमाल गुलाबी. मिठाच्या पाण्याचा सल्ला कृपया देऊ नका, मिठाने रंगवलेलं कापड पक्कं होत नाही. पाणी निवळेपर्यंत धुवायचं, दुसरा इलाज नाही. काथ्या छापात लोहाचा काळा आहे, त्याचीही थोडी काळजी. जुन्या अमेरिकन क्विल्टांत लोहाने रंगवलेले तपकिरी-काळे तुकडेच आधी विरतात. तरी बरं, त्याच्या चारच पाकळ्या आहेत.

पुढे: ताटली ११ इंची, मांजरपाट आधी धुऊन, आटवून १६ इंचांचा कापलाय. ॲप्लिके, म्हणजे ताटली मांजरपाटावर शिवून झाल्यावर साडेचौदाला छाटेन, कारण टाक्यांनी कापड थोडं ओढलं जातंच. कडेला काजटाका की अदृश्य हातशिलाई, ठरत नव्हतं. टोकं इतकी नेटकी आलीत की काजटाक्याने झाकवत नाहीत, तेव्हा हातशिलाईच.

हे लिहिता लिहिताच सुचलं: जुना द्रोण फेकायचा कशाला? चार पाव उसवले की प्रत्येकी ८४ अंशांचे चार पंखे. ग्रँडमदर्स फॅन या पंख्याच्या नमुन्यासारखे चार कोपऱ्यांना! पंख्याने काटकोन भरलाच पाहिजे असं थोडंच आहे, कडेला मांजरपाटाची बारीक फट सोडली तर ती मुद्दाम ठेवल्यासारखी दिसेल. म्हणजे एकटा ब्लॉक न राहता मधोमध ताटली आणि कोपऱ्यांत पंखे असं मेडॅलियन होतंय, आणि उशीच्या अभ्र्याचा बेत बारगळून पांघरुणाचा झाला. त्यात विटकरी आहे खरा, पण कोपऱ्यात चालेल. पांघरूण असेल तर बॅटिंगऐवजी (दोन थरांमधल्या भरावाऐवजी) आत जुनं सुती लुगडं घालून वरून गोधडीचा धावदोराच घालेन. पॉलिएस्टरची फुगीर बॅटिंग मला कधीच आवडली नाही.

मधल्या गोलासाठी पुठ्ठ्याची चकती, कडेने धावदोरा ओढून, वरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून इस्त्री. कड इतकी गुळगुळीत येते की चकती काढवत नाही. भोक ३ इंचांचं, तेव्हा गोल पावणेचारचा. मोहरी आणि कॉफी असे दोन्ही करून ठेवलेत. कॉफी ठेवला की थेट सूर्यफूल होतं. मोहरी जास्त शांत दिसतो, पण पाकळ्यांतला हळदी त्याच्यापुढे फिका पडतो. उद्या उजेडात दोन्हींचा फोटो टाकते, बघा आणि सांगा.