स्टँड नसलेली सायकल

रविवार, १३ जुलै

पहाटेपासून पावसाची उघडझाप. भाचा काल पुण्याहून आला, गाडीच्या टपावर सायकल बांधून. कार्बनची फ्रेम, वजन आठ किलो. ती मी एका हाताने उचलून पाहिली आणि मनात म्हटलं, ही वाऱ्याने जायची! त्याने माझी उचलून पाहिली. "मामा, ही वीस किलो तरी असेल." असेल. वडिलांनी घेतली तेव्हा कुणी वजन केलं नव्हतं.

सकाळी दोघे निघालो. माशेल, बाणस्तारीचा पूल, जुनं गोवें, रायबंदर, पणजी. तो अंगाला चिकटलेल्या कपड्यांत, पेडलमध्ये खटकन अडकणारे बूट घालून. मी रोजच्या पँटीत, छत्री हँडलला अडकवून. पँट दुमडावी लागत नाही, कारण चेन पूर्ण कव्हरमध्ये असते. चढावर तो दिसेनासा व्हायचा आणि पुढे कुठेतरी थांबून मोबाईलवर आमचा वेग बघायचा. वाईट वाटलं नाही म्हणणार नाही.

रायबंदर ते पणजी हा बांध १६३४ सालचा. सरळ, सपाट, एका अंगाला मांडवी. इथे मात्र मी त्याच्याबरोबर होतो, निदान थोडा वेळ. पाऊस नुकताच थांबलेला. त्याच्या सायकलला मडगार्ड नाही, वजन वाढतं म्हणे. मानेपासून कमरेपर्यंत लाल चिखलाचा पट्टा उठला होता. मी मागून बघत होतो, काही बोललो नाही.

पणजीला चहाला थांबलो. मी स्टँड लावला. त्याच्या सायकलला स्टँडही नाही, म्हणून भिंतीला टेकवली. भजी यायच्या आत ती घसरली आणि नेमकी गिअरच्या बाजूला आपटली. मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर टांगलेला असतो, ती वाकली. परतीच्या वाटेवर चेन कटकट करत दातांवरून उड्या मारत होती. शेवटी त्याने गिअर बदलायचाच सोडला. म्हणजे त्याचीही माझ्यासारखीच एका गिअरची झाली. हे मात्र मी बोलून दाखवलं.

माशेलच्या दुकानदाराने ती चारी बाजूंनी बघितली, हात लावला नाही. "हें म्हाका जावंचें ना, बाब." बरोबरच होतं त्याचं. ती पट्टी अल्युमिनियमची, सरळ करायला गेलं तर तुटायची भीती, आणि बहुतेक फ्रेमची वेगळी. मागवावी लागणार. माझ्या सायकलची कॉटर पिन, म्हणजे पेडलचा दांडा आसाला धरून ठेवणारी खीळ, गेल्या महिन्यात ह्याच दुकानात हातोडीचे दोन ठोके मारून बदलली होती.

माझंच सगळं चांगलं असंही नाही. दांड्याचे ब्रेक पावसात कठीण. रिम ओली असली की रबरी गुटके आधी पाणी पुसतात, मग थांबवायचा विचार करतात. उतारावर मी खूप आधीपासून दाबायला लागतो, त्याचा डिस्क ब्रेक मात्र जिथल्या तिथे थांबवतो. डायनॅमोही ओल्या टायरवर घसरतो, नेमका अंधारात. म्हणून यंदा बॅटरीचा दिवा घेतलाय. हेल्मेट भाच्याने दिलं होतं, तेही घालतो. पण कपडे बदलून सायकलवर बसायचं हे काही मला जमणार नाही. तिकडे पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी मागे पावाची टोपली बांधून, वर प्लॅस्टिक टाकून, भोंपू वाजवत सगळा वाडा फिरतो. त्याला वेग कोण विचारतं?

संध्याकाळी बहिणीने पाव आणायला सांगितले. भाच्याने स्वतःची सायकल एकदा बघितली, मग माझी काढली. कोपऱ्यापर्यंत उगाच घंटी वाजवत गेला. परत आला तेव्हा पिशवी कॅरियरला, पाव कोरडे, पाठही कोरडी. स्टँड लावताना दोनदा पाय घसरला त्याचा.

"मामा, चेनला तेल कुठलं घालता?"

"शिलाई मशीनचं. तुझ्या मामीच्या कपाटात आहे. विचारून घे."