‘मी आलो’ या दोन शब्दांसाठी

कोल्हापुरात वाढलेल्या मुलीला व्याकरणाचा पहिला धक्का बहुधा शाळेत बसतो. घरी आई, आत्ती, शेजारच्या काकू अशा सगळ्या जणी ‘मी आलो’, ‘मी जेवलो’, ‘मी बाजारला जातो’ असे बोलत असतात आणि वर्गातल्या बाई मात्र वहीतल्या त्याच ‘मी आलो’खाली तांबडी रेघ ओढून ‘मी आले’ लिहायला लावतात. कानडीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नसतो, त्या शेजाराचा हा परिणाम असावा, असे सांगितले जाते. कारण काहीही असो, आमच्याकडच्या बाईला ‘मी आलो’ म्हणताना आपण पुरुषासारखे बोलतो आहोत असे कधी वाटत नाही. हा लेख मी ‘मी गेले’, ‘मी बसले’ अशाच भाषेत लिहिणार आहे आणि तो संपवून स्वयंपाकघरात गेले की ‘मी आलो गं’ असेच म्हणणार आहे. एका तोंडात सुखाने नांदणारी ही दोन रूपे एका कथेत का नांदू नयेत, या प्रश्नापायी माझे गेल्या वर्षीचे चार महिने गेले.

कथा गुऱ्हाळावरची होती. करवीर तालुक्यातल्या एका गावात माझ्या आत्तीच्या सासरचे गुऱ्हाळ होते आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरचे कितीतरी रविवार मी तिथे चुलवाणाच्या उबेला बसून काढले आहेत. गुऱ्हाळावर सगळा कारभार गुळव्याच्या नजरेवर चालतो. काहिलीतला रस किती आटला, मळी कधी काढायची, जाळ कधी कमी करायचा, हे तो ठरवतो. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत वळून पाहतो आणि काहील उतरवायला सांगतो. त्याचा अंदाज थोडा चुकला तर गूळ एक तर धरत नाही, नाही तर करपतो. हे काम बायका करत नाहीत. माझ्या कथेत गुळव्या मरतो आणि ऐन हंगामात दुसरा माणूस मिळत नाही म्हणून त्याची बायको, जिला सगळे नुसते ‘वयनी’ म्हणतात, पहाटे गुऱ्हाळावर येऊन उभी राहते आणि म्हणते, “मी आलो. जाळ घाला आता.” कथा मला सुचली तीच या वाक्यापासून.

१९०९ साली ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठीत कथा लिहिणाऱ्याचे वर्ष पाडव्याला नव्हे, तर दिवाळीला धरून चालते. मीही जूनमध्ये कथा पुरी करून एका दिवाळी अंकाकडे पाठवली. त्याआधी ती आमच्या रविवारच्या गटात वाचली होती. राजारामपुरीत एका घरी आम्ही सात-आठ जण जमतो आणि एकमेकांच्या कथांची हाडे मोजतो. विशेषणे कमी करा, निवेदकाने मत देऊ नये, पहिल्या परिच्छेदात काहीतरी घडू द्या, असे तिथले अलिखित नियम आहेत. ते कोणी लादलेले नाहीत, पण माणसे ओळखीची असली की त्यांना आवडावे म्हणून आपण न सांगताच वाकतो, आणि हे वाकणे संपादकाने सांगितलेल्या बदलापेक्षा ओळखायला कितीतरी अवघड असते. गटापुढे जाण्याआधीच मी निवेदकाची तीन मते खोडली होती, त्यांतले एक चांगले होते.

जुलैअखेर संपादकांचा फोन आला. कथा आवडली होती आणि चार गोष्टी बदलून हव्या होत्या. चार हजार तीनशे शब्दांची कथा अडीच हजारांत बसवायची, काहील, चुलवाण, चिपाड अशा शब्दांचे अर्थ तळटीपेत द्यायचे, शेवट थोडा आशादायक करायचा, आणि वयनीच्या तोंडचे ‘मी आलो’ सगळीकडे ‘मी आले’ करायचे.

शब्दमर्यादेबद्दल मी आधी कुरकुर केली, पण त्यांनी सरळ हिशेब सांगितला. अंक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापला जातो, जाहिराती शेवटपर्यंत येत राहतात आणि अर्धा फर्मा कोणी वाढवून देत नाही. हा नियम माझ्या कथेविरुद्ध नव्हता, कागदाचा होता, आणि कागदाशी भांडण्यात अर्थ नसतो. कापाकापीत गूळ तयार होण्याचे दीड पान वर्णन गेले. त्यात भेंडीची साल ठेचून तिचे बुळबुळीत पाणी रसात घातल्यावर मळी कशी वर येते, याचा एक परिच्छेद होता आणि तो माझा फार लाडका होता. तो गेल्यावर वयनी आठ ओळी आधी काहिलीजवळ पोहोचली आणि कथा सुधारली, हे मला कबूल करावे लागले. तळटीपांना मी नकार दिला. काहील म्हणजे काय ते चारजणांनी ती चुलवाणावरून उतरवताना वाचकाला आपोआप कळते. संपादकांनीही तो आग्रह पुढे धरला नाही.

खरी अडचण ‘आलो’ची होती. माझे म्हणणे पटवून देण्यासाठी मी वकिलासारखी तयारी केली. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. ते अठराही नियम मी पुन्हा वाचून काढले. पात्राच्या तोंडचे बोलणे उच्चाराप्रमाणे लिहायला त्यांत मुभा आहे, हे दाखवणारे दोन पानी पत्र मी संपादकांना पाठवले. मग १८५० पासून चालत आलेल्या आमच्या करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन कागलच्या आनंद यादवांची १९७१ सालची ‘गोतावळा’ पुन्हा काढली, कारण तिथे नुसते संवादच नव्हे, तर सगळे निवेदनच बोलीत आहे. दहा-बारा पाने वाचल्यावर माझ्या लक्षात आले की या पुराव्याचा मला काही उपयोग नाही: तिथला निवेदक पुरुष आहे, त्याच्या ‘मी आलो’ला कोण कशाला हरकत घेईल?

पत्राला संपादकांचे उत्तर फोनवरच आले. “मॅडम, मी नियमाचं बोलतच नाहीये. नागपूरचा, नाशिकचा वाचक हे वाचेल तेव्हा त्याला ती छपाईची चूक वाटेल, नाहीतर बोलणारा पुरुष आहे असं वाटेल. पहिल्याच वाक्याला तो अडखळला तर तुमची कथा गेली.” मला थोडी लाज वाटली. स्वातंत्र्य मागायला मी नियमांचे पुस्तक घेऊन गेले होते आणि समोरचा माणूस माझ्याइतकाच कथेचा विचार करत होता.

त्यानंतर त्यांनी जे सुचवले, त्याने मला दोन रात्री झोप आली नाही. ते म्हणाले, “असं करूया का? नवरा जिवंत असतानाच्या प्रसंगात तिला ‘आले, गेले’ म्हणू द्या. ती गुळव्याच्या जागी उभी राहिली की पहिल्यांदा ‘मी आलो’ म्हणेल. भाषेतूनच तिचं स्थित्यंतर दिसेल.” सूचना हुशार होती, इतकी की ती मला का सुचली नाही याचा आधी रागच आला. मी कथा तशी करूनही पाहिली. वाक्य चमकत होते. परीक्षणात कोणीतरी त्यावर हमखास दोन ओळी लिहिल्या असत्या.

पण ती कथा खोटी झाली होती. माझ्या वयनीने नवरा मेल्यावर पुरुषाचे क्रियापद उचललेले नाही. ती लहानपणापासून तशीच बोलते, तिची आई तशीच बोलत होती, आणि तिच्या धाडसाचा त्या ‘ओ’काराशी काही संबंध नाही. बाईने पुरुषाचे काम केले की ती पुरुषासारखी बोलू लागते, असे त्या बदलातून निघत होते आणि ते मला मुळीच म्हणायचे नव्हते. शिवाय आमच्याकडच्या हजारो बायकांचे रोजचे बोलणे मी एका प्रतीकासाठी वापरून टाकले असते. ‘आलो’चे ‘आले’ करणे हा निदान उघड बदल होता. हा मात्र शब्द तोच ठेवून त्याचा अर्थ काढून घेणारा होता.

वाचक अडखळेल हा मुद्दा मात्र खराच होता, आणि त्याचे उत्तर पत्रात नव्हे, कथेतच द्यायला हवे होते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, भाजी निवडताना, ते सापडले. कथेच्या अगदी सुरुवातीला, वयनी येण्याआधी, शेजारच्या घरातली सात-आठ वर्षांची पोर दप्तर अडकवून ओरडते, “आई, मी चाललो शाळंला!” आणि आतून आई म्हणते, “जा की. मी आलोच मागनं.” एवढेच. फ्रॉकातली पोर आणि तिची आई असे बोलून गेल्या की पुढे वयनीच्या ‘मी आलो’ला कोणी अडखळण्याचे कारण उरत नाही. या दोन वाक्यांना जागा करण्यासाठी धुक्याचे एक वर्णन काढावे लागले. संपादकांना मजकूर पाठवला, तासाभरात त्यांचा निरोप आला: “आता राहू द्या ‘आलो’.” त्यांनी अडवले नसते तर ती पोर कथेत आलीच नसती, आणि आज मला ती त्या कथेतली सर्वांत जिवंत व्यक्ती वाटते.

शेवटाच्या बाबतीत मी माघार घेतली. माझ्या मूळ मजकुरात वयनीची पहिली काहील फसते, गूळ धरत नाही, आणि तिथेच कथा थांबते. दिवाळीच्या अंकात इतके कोरडे नको, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरी काहील साधली असे लिहायला मी तयार नव्हते, म्हणून ती दुसऱ्या काहिलीसाठी रस ओतायला सांगते, इथे मी कथा सोडली. ‘आलो’ मिळाल्याच्या आनंदात मी हे फार लवकर मान्य केले. त्या शेवटच्या तीन ओळी वाचताना त्या मी लिहिल्या नसून कोणीतरी मागितल्या म्हणून दिल्या, हे मला अजून ऐकू येते.

सप्टेंबरात प्रुफे आली. मी युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर त्यांच्या टंकात बदलताना सगळी ‘गुऱ्हाळे’ मोडली होती. ‘ऱ्हा’च्या जागी प्रत्येक वेळी एक चौकोन आणि त्यापुढे ‘हा’. ती एकोणीस ठिकाणे दुरुस्त करण्यातच माझे सगळे लक्ष गेले. ‘आलो’, ‘गेलो’ अशी अकरा रूपे प्रुफात जशीच्या तशी होती. अंक हातात आला तेव्हा त्यांतली नऊ उरली होती. शेवटच्या हातातल्या कोणा मुद्रितशोधकाने दोन ठिकाणी, अगदी सद्भावनेने, ‘आलो’चे ‘आले’ केले होते. माझ्या शाळेतल्या बाईंची आठवण झाली. तक्रार करायला फोन उचलला आणि ठेवून दिला; अंक छापून झाला होता.

अंक घेऊन मी आत्तीकडे गेले. तिचे शिक्षण सातवीपर्यंतचे, पण ती ओळीखाली बोट धरून मोठ्याने वाचते आणि मध्ये कोणी बोललेले तिला चालत नाही. ती दोन ठिकाणे कोणत्या पानावर आहेत ते मला पाठ होते. पहिले आले. छापलेले ‘मी आले’ तिच्या बोटाखाली होते आणि तिने सरळ वाचले, “मी आलो.” दुसऱ्या ठिकाणीही तेच. तिला चूक दिसलीच नाही. मी मनातल्या मनात हिशेब मांडू लागले होते, की मग चार महिने मी कोणासाठी भांडले, तेवढ्यात तिचे बोट थांबले. तिने दोन ओळी मागे जाऊन पुन्हा वाचल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

“हे गं काय लिवलंयस? भेंडी न घालताच मळी काढली व्हय हिनं? मग गूळ धरंल कसा?”