बेलेमचा गेंडा

लिस्बनमध्ये सासूबाईंना घेऊन फिरायचं म्हणजे चढ टाळायचे. गाव टेकड्यांवर वसलेलं, फुटपाथ सगळे गुळगुळीत पांढऱ्या दगडांचे, त्यात रात्री पाऊस पडून गेलेला. तेव्हा २८ नंबरच्या पिवळ्या ट्रामची हौस बाजूला ठेवली आणि १५ नंबरची पकडून सरळ बेलेम गाठलं. तिथे नदीकाठाने सगळं सपाट. ट्राममध्ये एका शाळकरी पोराने उठून सासूबाईंना जागा दिली. नवरा आणि मी पाकीट सांभाळत दांड्याला लोंबकळत गेलो. दादर फास्टची सवय असलेल्यांना त्याचं काही वाटत नाही.

तिथला जेरोनिमोस मठ बांधायला घेतला १५०१ साली, पोर्तुगालच्या राजा मानुएलच्या काळात. पैसा आला तो बराचसा पूर्वेकडच्या व्यापारावर लावलेल्या पाच टक्के करातून.

"म्हणजे आपल्या मिऱ्यांवर उभाय म्हण की," सासूबाई म्हणाल्या.

चर्चमध्ये शिरल्या शिरल्या डाव्या हाताला वास्को द गामाचं थडगं आहे. हा गृहस्थ वारला आपल्याकडे, कोचीनला, १५२४ मध्ये. आधी तिथेच पुरला होता, मग अवशेष पोर्तुगालला आणले. दगडात हात जोडून निवांत झोपलाय. सासूबाई वसईच्या. किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये खेळत लहानाच्या मोठ्या झालेल्या. त्या कमरेवर हात ठेवून थडग्यासमोर उभ्या राहिल्या आणि चांगल्या खड्या आवाजात म्हणाल्या, "चिमाजी अप्पांनी तुमच्या घंटा काढून आणल्या हो. मेणवलीला देवळापाशी टांगलीय एक, मी वाजवून आलेय."

आजूबाजूला कोणाला मराठी येत नव्हतं, बरंच झालं. लेक तोवर पुढे पळाली होती. आत राजा-राण्यांच्या शवपेट्या दगडी हत्तींच्या पाठीवर ठेवल्यात, आणि तिला राजांपेक्षा हत्तींची काळजी.

नदीकाठचं दर्यावर्दींचं स्मारक मला फारसं आवडलं नाही. १९६० चं सिमेंटचं भलंमोठं जहाज, त्यावर ओळीने चढणारे पुतळे. त्यात गोवा जिंकणारा अल्बुकर्क आहे, जुन्या गोव्यात ज्यांचं शव ठेवलंय ते सेंट झेवियरही आहेत. हे उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी डिसेंबरात गोवा हातचा गेला. नवऱ्याने तिथे भरपूर फोटो काढले, काढू दिले.

माझा सगळा जीव होता बेलेमच्या बुरुजात, आणि तोही एका दगडासाठी. आत गेलोच नाही. वर जायला अरुंद गोल जिना आहे, सासूबाईंच्या गुडघ्यांना तो झेपला नसता. आम्ही पश्चिमेच्या बाजूने बाहेरूनच माना वर केल्या. कोपऱ्यावरच्या छोट्या टेहळणी बुरुजाच्या खाली, आधाराच्या दगडावर एक डोकं कोरलंय. पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने शिंग झिजलंय, तोंड बोथट झालंय. सांगितलं नाही तर कुणी ओळखणार नाही. तो गेंडा आहे.

आणि तो गोव्याहून आलेला. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने अल्बुकर्कला भेट दिला, त्याने पुढे राजाला धाडला. जानेवारी १५१५ मध्ये गोव्यातून जहाज निघालं आणि २० मे रोजी लिस्बनला लागलं. वाटेत त्याला भातही खायला घालत होते म्हणतात. युरोपात रोमन काळानंतर कुणी जिवंत गेंडा पाहिला नव्हता. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्ती पळून गेला. जर्मनीत ड्युरर नावाच्या चित्रकाराने नुसत्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्याचं चित्र छापलं. अंगावर चिलखत चढवल्यागत दिसतं, पाठीवर एक जास्तीचं शिंगही आहे.

"मग त्याचं काय झालं?" लेकीने विचारलं. ते टाळायचं ठरवलं होतं, पण सांगावं लागलं. राजाने त्याला पोपला भेट म्हणून पाठवलं, इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. गेंड्याला पोहता येतं, पण हा साखळदंडाने बांधलेला होता.

लेकीचं तोंड एवढंसं झालं. सासूबाई म्हणाल्या, "भात खाऊन चार महिने तग धरलान, आणि यांनी परत बोटीत घातला. मेल्यांनो!"

आमच्या शेजारी एक मोठा ग्रुप उभा होता, त्यांच्या गाईडने बुरुजाचा इतिहास सांगितला आणि गेंड्याचं नावही न काढता पुढे गेला. लेकीने त्यातल्या एका आजोबांना बोट दाखवून इंग्रजीत गेंडा दाखवला. मग त्यांनी बायकोला दाखवला, तिने आणखी कुणाला, आणि बघता बघता अर्धा ग्रुप माना वर करून उभा.

पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा १८३७ पासून चाललेल्या, पेस्टल नावाच्या छोट्या गोड पेस्ट्रीसाठी प्रसिद्ध असलेल्या दुकानात शिरलो. भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशा, खोल्यांमागून खोल्या. पेस्टल गरमच खायचं, वर दालचिनी आणि पिठीसाखर भुरभुरून. कडा कुरकुरीत, मध्ये अंड्याच्या बलकाची दाट मलई. नेमका मंगळवार होता, सासूबाईंचं अंडं बंद. त्यांनी कॉफी घेतली आणि आमच्याकडे बघत बसल्या. निघताना म्हणाल्या, "माझे दोन बांधून घे गं. उद्या बुधवार आहे."