बरफ आपल्याकडं कायले येईल?

भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालो आणि वणीजवळच्या गावी येऊन राहिलो. तेव्हापासून पारावर, लग्नाच्या पंगतीत, एसटीत एकच विचारणा: "सर, इथं बैलाले सावली भेटत नाही अन् तुम्ही म्हणता आपल्याकडं बरफ होता. हिमालयातून आला होता का?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

हिमालयातून नाही. हिमालयाचं उभं राहणं गेल्या पाचेक कोटी वर्षांतलं, आपला बर्फ सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा ही जमीन दूर दक्षिणेत, अंटार्क्टिकाला चिकटून होती.

चंद्रपूरच्या नैर्ऋत्येला, इरई गावाजवळ पैनगंगेच्या पात्रात चुनखडकाची फरशी आहे. सरकत्या बर्फानं घासून गुळगुळीत केलेली, वर समांतर ओरखडे. फेडन नावाच्या भूवैज्ञानिकानं १८७५ साली त्याबद्दल लिहिलं. शेजारच्या काकांना फोटो दाखवला तर म्हणाले, "बंडीच्या धावेचे असतील." शंका रास्त आहे. पण हे ओरखडे वरच्या गोट्यांच्या थराखाली शिरतात, आणि त्या थराखालून बंडी हाकणारा अजून जन्मलेला नाही!

तो थर म्हणजे तालचेर. नाव ओडिशातल्या तालचेरचं. तिथले धोंडे बर्फानं वाहून आणले असावेत, हे भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड बंधूंनी १८५६ सालीच मांडलं होतं. नदी माल निवडते: जड गोटे आधी टाकते, वाळू पुढं नेते, गाळ त्याच्याही पुढं. बर्फाला निवड माहीत नाही. चिखल, वाळू आणि पोत्याएवढा धोंडा, सगळं एकाच ढिगात. वणी-बल्लारपूरचा कोळसा याच्या वरच्या थरांतला. म्हणजे बर्फ सरला आणि पुढं दलदलीत रान माजलं.

"मंग सारी पृथ्वी गोठली होती का?" आपल्या या बर्फाच्या वेळी नाही. सारी पृथ्वी गोठल्याची गोष्ट फार जुनी, ७२ ते ६३.५ कोटी वर्षांपूर्वीची. तिला 'स्नोबॉल अर्थ' हे नाव १९९२ साली भूवैज्ञानिक जोसेफ किर्शविंक यांनी दिलं. आपल्या देशात त्या काळाशी जोडला जाणारा गोट्यांचा थर शिमला-सोलनकडच्या डोंगरांत आहे, ब्लैनी नावाचा. यावर लोक हमखास हसतात: डोंगरावर बरफ, त्यात काय नवल? पण तो थर साचला समुद्रात. डोंगर फार नंतर उचलले गेले, आणि थर त्यांच्यासोबत वर गेला. आजच्या उंचीवरून तेव्हाची थंडी मोजायचीच नाही.

खरा पेच असतो तो थर विषुववृत्ताजवळ साचला की ध्रुवाजवळ, हा. खडक साचताना त्यातले लोहाचे चुंबकी कण पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे कलतात. ध्रुवाकडं तो कल उभा, विषुववृत्ताकडं जवळजवळ आडवा. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स डोंगररांगांत, हिमकाळात साचलेल्या थरांत तो आडवा निघाला. बर्फ विषुववृत्ताजवळ, तोही समुद्रसपाटीला! मला सगळ्यात पटणारा पुरावा हाच. ब्लैनीच्या वर बसलेला गुलाबी डोलोमाइटही, म्हणजे चुनखडकाचा भाऊबंदच, बोलका आहे. ज्वालामुखींचा कार्बन डायऑक्साइड साठत गेला, बर्फ वितळला आणि तापलेल्या समुद्रात असे थर साचले, असं त्याचं स्पष्टीकरण देतात.

इरईला यायचं तर पैनगंगेचं पाणी उतरल्यावर या, आणि पहाटेच या. दहा वाजले की त्या फरशीवर हात ठेववत नाही.